अमेरिकेत हरणाऱ्याला निकाल का पटत नाही? मतदान केंद्राच्या टेबलावरून दिलेलं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेत दर निवडणुकीनंतर हरलेला पक्ष 'निवडणूक चोरली' म्हणतो. तिथे खरंच घोळ होतो की हे नुसतं राजकारण आहे? इतक्या जुन्या लोकशाहीला हा वाद मिटवता का येत नाही? आणि आपल्यासारखा एक निवडणूक आयोग तिथे का नाही?"

मी पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात राहतो. नागरिकत्व मिळालं, त्यानंतर २०१२ पासून जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करतोय. सुरुवातीला क्लार्क म्हणून मतदारांच्या वह्या सांभाळल्या, पुढे इन्स्पेक्टर झालो. त्यामुळे उत्तराची सुरुवात वॉशिंग्टनपासून न करता आमच्या केंद्रावरच्या टेबलापासून करतो. घोडं पेंड कुठे खातं, ते तिथूनच नीट दिसतं.

आमच्या राज्यात प्रत्येक मतदान केंद्राचं एक छोटं मंडळ असतं. त्यात एक 'जज ऑफ इलेक्शन', म्हणजे केंद्राचा प्रमुख, आणि दोन इन्स्पेक्टर. हे तिघे सरकारी नोकर नसतात. त्या वस्तीतले मतदारच त्यांना चार वर्षांसाठी निवडून देतात. इन्स्पेक्टरच्या निवडणुकीत प्रत्येक मतदाराला एकच मत असतं. ज्याला जास्त मतं तो 'मेजॉरिटी इन्स्पेक्टर', दुसऱ्या क्रमांकावर येतो तो 'मायनॉरिटी इन्स्पेक्टर'. मायनॉरिटी म्हणजे अल्पसंख्याक समाजाचा असं नव्हे, त्या वस्तीत कमी मतं असलेल्या पक्षाचा. म्हणजे हरणाऱ्या बाजूला टेबलाशी एक हक्काची खुर्ची कायद्यानेच दिलेली आहे. आणि रात्री सगळं आटोपलं की हिशोबाच्या कागदांची एक प्रत पाकिटात घालून याच मायनॉरिटी इन्स्पेक्टरकडे द्यायची असते. काउंटीकडचे (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) कागद उद्या कोणी बदलले, तर ताडून बघायला दुसरी प्रत हरलेल्या पक्षाच्या माणसाकडे असते. मला ही तरतूद कळली तेव्हा, ज्याने कोणी हा कायदा लिहिला त्याला माणसाचा स्वभाव किती नीट कळला होता, असं वाटलं होतं. एकमेकांवर विश्वास ठेवा असं तो सांगत नाही. एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा आणि शेवटी एकाच कागदावर सह्या करा, असं सांगतो.

आमच्या केंद्रावर मी मेजॉरिटी इन्स्पेक्टर. माझ्यासमोर बसणारे मायनॉरिटी इन्स्पेक्टर म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. पक्के रिपब्लिकन. पहाटे सव्वासहाला कॉफीचा थर्मास घेऊन हजर. ७ वाजता दार उघडायच्या आधी स्कॅनरमधून, म्हणजे मतपत्रिका वाचून मोजणाऱ्या यंत्रातून, एक कागदी पट्टी काढायची असते. सगळ्या उमेदवारांपुढे शून्य आहे, हे दाखवणारी. ती ते चष्मा वर करून ओळ न ओळ वाचतात आणि मगच सही करतात. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी न वाचता सही केलेली मी पाहिली नाही.

रात्री ८ ला मतदान बंद होतं आणि तीन आकडे जुळवायचे असतात. किती जणांची नावं क्रमाने लिहिली गेली, किती मतपत्रिका दिल्या गेल्या, आणि स्कॅनरच्या काउंटरवर किती आकडा आहे. २०२० साली, ३ नोव्हेंबरच्या रात्री, आमचा एकचा फरक येत होता. यादीत नाव एक जास्त. चौदा तास उभं राहून पाय बधिर झालेले, तोंडावर मास्क, तरीही कोणी 'जाऊ दे' म्हणालं नाही. आम्ही दोघांनी यादी पहिल्यापासून मोठ्याने वाचत एकेक नाव टिपलं. पावणेदहाला सापडलं. दुपारी एक तरुण आला होता. त्याचं नाव यादीत चढलं आणि मग लक्षात आलं की त्याने टपाली मतपत्रिका मागवलेली आहे आणि ती त्याच्याजवळ नाही. अशा माणसाला 'प्रोव्हिजनल' मतपत्रिका देतात. ती स्कॅनरमध्ये जात नाही, वेगळ्या पाकिटात काउंटीकडे जाते आणि त्या माणसाने दोनदा मत दिलं नाही ना, हे तपासून मगच मोजली जाते. त्याचं नाव यादीतून खोडायचं राहून गेलं होतं. खोडलं, शेजारी कारण लिहिलं, सह्या केल्या. निकालाची पट्टी नियमाप्रमाणे बाहेर दारावर लावली. आमच्या केंद्रावर ट्रम्प थोड्या मतांनी पुढे होते. मायनॉरिटी इन्स्पेक्टरांनी फोनवर पट्टीचा फोटो काढला आणि आम्ही घरी गेलो.

त्याच शुक्रवारी ते माझ्या घरी आले. मास्क लावून अंगणातच उभे राहिले. एका हातात तो फोटो, दुसऱ्या हातात काउंटीच्या वेबसाइटवरून छापून आणलेला कागद. त्या कागदावर आमच्याच केंद्रात बायडन बऱ्यापैकी पुढे होते. "आपण दोघांनी सही केली त्या कागदावर हे नव्हतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, फसवलं गेल्याची भीती होती. ती भीती खोटी नव्हती, हे मला आधी सांगायचं आहे.

झालं काय होतं? २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियाने 'अॅक्ट ७७' नावाचा कायदा केला. विधिमंडळ रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात होतं, गव्हर्नर टॉम वुल्फ डेमोक्रॅट, आणि कायदा दोघांच्या संमतीने झाला. त्याआधी टपालाने मत द्यायला आजारपण, परगावी असणं असं कारण लागायचं. आता कोणीही देऊ शकत होतं. पाच महिन्यांनी कोविड आला. २०२० मध्ये राज्यात सुमारे २६ लाख मतं टपालाने आली. ट्रम्प महिनोन् महिने सांगत होते की टपाली मतदानात लबाडी होते, त्यामुळे त्यांचे मतदार केंद्रावर आले. डेमोक्रॅट नेते लोकांना घरूनच मत द्या म्हणत होते. परिणामी टपाली मतांपैकी चारातली तीन बायडन यांची निघाली. आणि इथे खरी गोम आहे: आमच्या राज्यात टपालाची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडायलाच कायद्याने मनाई आहे. बाहेरचं पाकीट, आतलं गुप्ततेचं पाकीट, त्यातली घडी घातलेली मतपत्रिका, ती सपाट करून स्कॅनरला लावायची. २६ लाख वेळा. फ्लोरिडात हेच काम काही आठवडे आधी सुरू करता येतं, म्हणून तिथला निकाल त्याच रात्री लागतो.

त्यामुळे रात्री केंद्रांवरची मतं आधी दिसली. ट्रम्प यांची आघाडी ७ लाखांच्या घरात गेली. मग पाकिटं मोजली जाऊ लागली आणि ती आघाडी वितळत गेली. शनिवारी, ७ तारखेला, वृत्तसंस्थांनी बायडन जिंकल्याचं जाहीर केलं. अंतिम फरक ८०,५५५ मतांचा. ज्याने मंगळवारी रात्री टीव्ही बंद केला आणि बुधवारी सकाळी लावला, त्याला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. हे असंच होणार, हे निवडणूक अधिकाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. काउंट्यांचे अधिकारी, दोन्ही पक्षांचे, पाकिटं आधी उघडू द्या म्हणून विधिमंडळाकडे अक्षरशः विनवण्या करत होते. ती दुरुस्ती दुसऱ्या मागण्यांशी बांधली गेली, याला ओळखपत्र हवं, त्याला ड्रॉप बॉक्स, म्हणजे टपाली पाकिटं टाकायच्या पेट्या, हवे, आणि रखडली. दोन्ही पक्षांच्या नेत्यांना मी यासाठी दोष देतो, आणि त्यात मला काही संकोच वाटत नाही.

माझ्या सहकाऱ्याला मी एवढंच विचारलं: मंगळवारी आपण दिवसभर वहीची पानं उलटत होतो, दर पानावर किती नावांपुढे टपाली मतपत्रिकेचा शिक्का होता? ते थांबले. एकेका पानावर चार-चार, पाच-पाच होते. ती माणसं कोण, हेही आम्हा दोघांना ठाऊक होतं. एकाच वस्तीत आम्ही वीस वर्षं राहतो. बोटांवर मोजत त्यांनी गल्ल्यांची नावं घेतली. मग म्हणाले, "आपल्या इथे ठीक आहे. पण तिकडे शहरात?"

या एका वाक्यात अमेरिकेतला सगळा वाद सामावला आहे. सर्वेक्षणांमध्येही वर्षानुवर्षं हेच दिसतं: लोकांना आपल्या गावच्या मोजणीवर भरवसा असतो, देशाच्या मोजणीवर कमी. कारण गावच्या टेबलाशी बसलेला माणूस ओळखीचा असतो.

आता 'शहरात' खरंच काही होतं का? प्रामाणिक उत्तर द्यायचं तर फिलाडेल्फियाचा इतिहास सांगायला हवा, आणि तो डेमोक्रॅट मंडळींना ऐकायला आवडत नाही. १९९३ मध्ये राज्य सिनेटच्या एका जागेसाठी रिपब्लिकन ब्रूस मार्क्स मशीनवरच्या मतांत ५६४ ने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर डेमोक्रॅट विल्यम स्टिन्सन ४६१ मतांनी जिंकले. मार्क्स कोर्टात गेले. ज्यांच्या नावाने टपाली अर्ज भरले गेले होते असे मतदार साक्षीला आले, पाकिटांवरच्या सह्या तपासल्या गेल्या, आणि १९९४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी स्टिन्सन यांना हटवून मार्क्स यांना जागा दिली. म्हणजे रात्री पुढे असलेला रिपब्लिकन, नंतर आलेली टपाली मतं, फिलाडेल्फिया: २०२० मध्ये लोकांना जे चित्र दिसलं, त्याच चित्राचा एक खरा अनुभव या राज्याच्या आठवणीत आधीच होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. पुढे २०१४ ते २०१६ च्या प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकांतही शहरातल्या एका जज ऑफ इलेक्शनने पैसे घेऊन मशीनवर जादा मतं टाकली. त्याला पैसे पुरवणारे माजी डेमोक्रॅट खासदार मायकल मायर्स २०२२ मध्ये तुरुंगात गेले. माझ्यासारखंच पद सांभाळणाऱ्या माणसाने हे केलं, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या पक्षाचंही सांगतो. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या ९ व्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार ९०५ मतांनी पुढे होता. त्याच्या प्रचारासाठी काम करणाऱ्या एका माणसाच्या टोळीने घरोघरी जाऊन टपाली मतपत्रिका गोळा केल्याचं उघड झालं. तो निकाल कधीच प्रमाणित झाला नाही, निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. आणि २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या डेलावेअर काउंटीत एका माणसाने मेलेल्या आईच्या नावाने मत दिलं, ट्रम्प यांना. पकडला गेला, गुन्हा कबूल केला.

तर घोळ होतात. पण या सगळ्या प्रकरणांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. प्रत्येक ठिकाणी नावं आहेत, पाकिटं आहेत, साक्षीदार आहेत, आणि आकडा शेकड्यांत आहे. ८०,५५५ मतं अशी गोळा करायची तर किती माणसं लागतील, आणि त्यातलं एकही तोंड उघडणार नाही, हे ज्याने एकदा तरी एका मताचा फरक शोधत रात्री पावणेदहापर्यंत यादी वाचली आहे त्याच्या मनाला पटत नाही. शिवाय २०२० पर्यंत आमच्या राज्यात सगळीकडे कागद आला होता. मायर्स यांच्या काळातली मशीनं नुसतं बटण दाबण्याची होती, मागे कागद उरत नसे. आता प्रत्येक मताचा कागद असतो आणि तो पुन्हा मोजता येतो.

कोर्टात काय झालं, ते टीव्हीवर झालेल्या आरोपांपेक्षा फार वेगळं होतं. शेजारच्या माँटगोमेरी काउंटीत ट्रम्प यांच्या बाजूने ५९२ टपाली मतांवर हरकत घेतली गेली. पाकिटावर पत्ता नाही, तारीख नाही, अशा स्वरूपाची. न्यायाधीशांनी त्यांच्या वकिलाला सरळ विचारलं: या ५९२ मतांमध्ये लबाडी झाली असा तुमचा दावा आहे का? वकिलाने उत्तर दिलं की माझ्या माहितीप्रमाणे सध्या तरी नाही. वकिलाला कोर्टात खोटं बोललं तर सनद जाण्याची भीती असते, पत्रकार परिषदेत ती नसते. वरच्या फेडरल कोर्टात निकाल लिहिला स्टेफानोस बिबास यांनी, ज्यांची नेमणूक खुद्द ट्रम्प यांनी केली होती. निवडणूक अन्यायकारक होती असं म्हटल्याने ती तशी ठरत नाही, आरोप नेमके हवेत आणि मग पुरावा हवा, इथे दोन्ही नाहीत, हे त्यांच्या निकालाचं सार. देशभरात असे ६० हून अधिक खटले झाले आणि निकाल बदलेल असं त्यातून काहीच हाती लागलं नाही. जॉर्जियात तर रिपब्लिकन अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या. त्यात फ्लॉइड, फेएट अशा काउंट्यांत मोजायच्या राहिलेल्या काही हजार मतपत्रिका सापडल्या, फरक थोडा घटला, पण विजेता तोच राहिला. ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीच्या मतपत्रिका रिपब्लिकन बहुमताच्या राज्य सिनेटने एका खासगी कंपनीकडे दिल्या. महिनोन् महिने मोजून त्यांना बायडन यांची ९९ मतं जास्त आणि ट्रम्प यांची २६१ कमी सापडली.

इतकं होऊनही शंका का गेली नाही? मला वाटतं, कारण शंका आता टेबलाशी येतच नाही. माझे सहकारी फोटो घेऊन अंगणात आले म्हणून आम्हाला वहीची पानं आठवता आली. जो घरात बसून रात्रभर व्हिडिओ बघतो त्याच्याकडे पान नसतं, ओळखीचा माणूस नसतो, आणि त्याला चिथावणाऱ्याला त्यातून देणग्या आणि प्रेक्षक मिळतात. अटलांटाच्या स्टेट फार्म अरीनामधल्या एका व्हिडिओवरून तिथे काम करणाऱ्या आई आणि मुलीवर बॅगेतून मतं भरल्याचा आरोप केला गेला. आरोप खोटा होता, चौकशीत तसं सिद्ध झालं. तोवर त्यातल्या आईला घर सोडून लपावं लागलं होतं. पुढे ज्यूरीने तो आरोप पसरवणारे ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांना १४.८ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. ती रक्कम वाचून लोक हळहळतात. मला त्या माऊलीचा चेहरा आठवतो, कारण मीही त्याच कामाला बसतो.

हा रोग एकाच पक्षाचा आहे असं समजू नका. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांवर अध्यक्षपद ठरलं. पाम बीच काउंटीची मतपत्रिका अशी छापली होती की डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांच्या मतदारांनी चुकून तिसऱ्याच पक्षाच्या पॅट ब्युकॅनन यांच्या नावापुढे भोक पाडलं. तिथे ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली आणि ती आपली नसावीत हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. राज्याच्या निवडणूक प्रमुख कॅथरीन हॅरिस याच रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष होत्या. शेवटी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने मोजणी थांबवली. डेमोक्रॅट मतदारांच्या मनातली ती जखम आजही भरलेली नाही. २००४ मध्ये माझ्या ऑफिसातले किती तरी डेमोक्रॅट सहकारी ओहायो चोरलं म्हणत होते, आणि मी नागरिक नसूनही मान डोलावत होतो. जानेवारी २००५ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, ओहायोवर रीतसर हरकतही घेतली गेली. २०१८ मध्ये जॉर्जियात गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅट उमेदवार स्टेसी अब्राम्स यांनी हार रीतसर मान्य करायला नकार दिला. त्यांच्या तक्रारीतला एक मुद्दा मला पटतो: त्यांचे प्रतिस्पर्धी ब्रायन केम्प स्वतःच त्या वेळी निवडणूक खात्याचे प्रमुख होते. २०२४ मध्ये कमला हॅरिस हरल्या तेव्हा 'दोन कोटी मतं गायब' म्हणून डेमोक्रॅट मतदारांत संदेश फिरले. कॅलिफोर्नियाची मोजणी काही आठवडे चालते, ती संपली आणि 'गायब' मतं आपोआप दिसू लागली. २०२० मध्ये अर्धवट मोजणीवरून जे रिपब्लिकन बिथरले, त्याच अर्धवट मोजणीवरून या वेळी दुसरे बिथरले. आणि त्या वर्षी ट्रम्प जिंकताच रिपब्लिकन मतदारांचा निवडणुकीवरचा विश्वास झपाट्याने वर गेला. टेबलं तीच, वह्या त्याच, माणसंही बहुतेक तीच.

तरी एक फरक मी लपवणार नाही. गोर १३ डिसेंबर २००० ला टीव्हीवर आले आणि हार मानली. ६ जानेवारी २००१ ला उपाध्यक्ष म्हणून स्वतःच्या पराभवाची मोजणी त्यांनीच चालवली, आणि त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांनी घेतलेल्या हरकती, सिनेटरची सही नाही म्हणून, नियमाप्रमाणे फेटाळल्या. हरलेले उमेदवार आणि तेव्हाचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९६१ मध्ये हवाई राज्याची मतं स्वतःहून केनेडी यांच्या खात्यात मोजली, कारण फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी पुढे निघाले होते. जानेवारी २०२५ मध्ये हॅरिस यांनीही तेच केलं. मतदारांची शंका दोन्हीकडे असते. हरलेल्या नेत्याने ती विझवली की तिला हवा दिली, यावर पुढचं सगळं ठरतं. २०२० नंतर राष्ट्राध्यक्षांनी स्वतः जॉर्जियाच्या अधिकाऱ्याला फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं आणि चार दिवसांनी कॅपिटॉलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, जमाव चालून गेला. त्या संध्याकाळी, काचा फुटलेल्या असताना, काँग्रेसच्या १४७ सदस्यांनी तरीही निकालावरच्या हरकतींच्या बाजूने मत दिलं. याची बरोबरी मी दुसऱ्या कशाशी करू शकत नाही.

एकच निवडणूक आयोग का नाही? कारण राज्यघटनेने निवडणूक चालवण्याचं काम राज्यांकडे दिलं आणि राज्यांनी ते काउंट्यांकडे. पेनसिल्व्हेनियात ६७ काउंट्या आणि ९ हजारांहून अधिक मतदान केंद्रं आहेत. 'फेडरल इलेक्शन कमिशन' नावाची संस्था आहे, पण ती फक्त प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवते. बहुतेक राज्यांत निवडणूक खात्याचा प्रमुख पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो, हा मला या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा वाटतो. मात्र एकच आयोग आणला की शंका जाईल, असं मला वाटत नाही. २०२४ च्या विधानसभेनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत गावकऱ्यांनी ईव्हीएमवर विश्वास नाही म्हणून मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं होतं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. एक आयोग, एक यंत्र, एक दिवसाची मोजणी असूनही. इथली विखुरलेली व्यवस्था गोंधळाची आहे, पण सगळी एकदम विकत घेता येत नाही, आणि प्रत्येक टेबलाशी दुसऱ्या पक्षाचा माणूस बसतो.

मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे: मतं पडून गेल्यावर नियम बदलण्याची. आमच्याकडे टपाली पाकिटावर मतदाराने हाताने तारीख लिहायची असते. पाकीट वेळेत आलं की नाही हे काउंटीच्या शिक्क्यावरून कळतं, म्हणजे त्या तारखेचा मोजणीला तसा काही उपयोग नाही. तरीही ती नसली तर मत बाद की नाही, यावर वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल लागत आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर बॉब केसी १५ हजारांच्या आसपास मतांनी मागे होते. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने अशी मतं मोजू नका म्हणून आधीच सांगितलेलं असताना बक्स काउंटीत डेमोक्रॅट बहुमताने ती मोजायचं ठरवलं. कोर्टाच्या पायंड्याला आता कुठे किंमत उरली आहे, असं तिथल्या मंडळावरच्या एक कमिशनर भर सभेत बोलल्या. नंतर त्यांनी माफी मागितली आणि कोर्टाने तो निर्णय मोडून काढला. मला तारखेची अट चुकीची वाटते, तरी त्या दिवशी बक्स काउंटीने जे केलं तेही चुकीचंच होतं. नॉर्थ कॅरोलायनात याची दुसरी बाजू दिसली. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी रिपब्लिकन जेफरसन ग्रिफिन ७३४ मतांनी हरले, आणि ज्यांनी त्या वेळचे नियम पाळूनच मत दिलं होतं अशा ६० हजारांहून अधिक मतदारांची मतं बाद करा म्हणून सहा महिने भांडले. फेडरल न्यायाधीशांनी नकार दिल्यावर मे २०२५ मध्ये त्यांनी हार मानली. खेळ संपल्यावर सीमारेषा सरकवण्याचा हा प्रकार मला खोट्या व्हिडिओंपेक्षा घातक वाटतो. व्हिडिओ खोटा ठरवता येतो, पण हे सगळं कायदेशीर कागदांवर होतं.

काही चांगलंही झालं आहे. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या हेज-टिल्डन वादानंतर, तो १५ जणांच्या आयोगात ८ विरुद्ध ७ ने सुटला होता, १८८७ मध्ये अध्यक्षपदाची मतं मोजण्याचा कायदा झाला. त्याची भाषा इतकी गुंतागुंतीची होती की २०२० मध्ये त्याच्यातूनच पळवाटा शोधल्या गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून तो दुरुस्त केला. उपाध्यक्षाला मतं नाकारण्याचा अधिकार नाही हे स्पष्ट लिहिलं, आणि हरकतीसाठी दोन्ही सभागृहांत प्रत्येकी एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतील असं ठरवलं. फिलाडेल्फियात २०२० ची मोजणी चालवणाऱ्यांपैकी अल श्मिट हे रिपब्लिकन होते आणि त्यांच्या कुटुंबाला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांनाच २०२३ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर जॉश शापिरो यांनी राज्याच्या निवडणूक खात्याचं प्रमुख केलं.

आमच्या टेबलाचं म्हणाल तर मायनॉरिटी इन्स्पेक्टर अजून येतात. २०२४ मध्ये त्यांनी आपल्या पुतण्याला क्लार्क म्हणून आणलं. शहरात सगळं चोरलं जातं असं ठामपणे मानणारा मुलगा. दिवसभर तो माझ्या शेजारी वही घेऊन बसला, टपाली पाकीट परत आणून केंद्रावरच मत द्यायला आलेल्या लोकांच्या पाकिटांवर 'रद्द' लिहीत होता. रात्री काकांनी त्याला आकडे जुळवायला बसवलं. या वेळी पहिल्याच फटक्यात जुळले. तरी त्याने पुन्हा एकदा मोजलं.

तुमच्यापैकी कोणी इथले नागरिक असाल तर काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला फोन करा. पेनसिल्व्हेनियात त्या काउंटीत मतदार म्हणून नोंद असावी लागते, आणि शाळा व पालकांची परवानगी असेल तर १७ वर्षांच्या मुलामुलींनाही घेतात. प्रशिक्षण काही तासांचं असतं. गुजराती, हिंदी किंवा मराठी बोलणारे म्हातारे आई-वडील पहिल्यांदा मत द्यायला येतात आणि स्कॅनरपाशी बावरतात, तेव्हा टेबलामागे आपला माणूस असला की त्यांना धीर येतो. डबा मात्र घरून न्या. दुपारी बाहेर पडायला कोणी सोडत नाही.